खडकावरची चित्रे टिपणारा उज्जैनचा चित्रकार : विष्णु श्रीधर वाकणकर

उज्जैन म्हटले की महाकालेश्वर, क्षिप्रेचे घाट, सिंहस्थाचा मेळा आणि कालिदास यांची आठवण होते. ज्योतिर्गणिताच्या अभ्यासकाला या नगरीची आणखी एक ओळख आहे. प्राचीन सिद्धान्तग्रंथांनी रेखांशाची गणना जिच्यापासून केली, ती मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानले जात होते. ज्या शहराने आकाशाची मोजणी केली, त्याच शहरात विसाव्या शतकात एका मराठी चित्रकाराने आपली कर्मभूमी निवडली आणि भूतकाळाची मोजणी आरंभिली. हजारो वर्षांपूर्वी माणसाने खडकावर रंगवलेले पशुपक्षी, शिकारी, नर्तक, त्यांची शिरोभूषणे आणि वस्त्रे त्याने आयुष्यभर कागदावर उतरवून घेतली. त्या चित्रकाराचे नाव विष्णु श्रीधर वाकणकर. स्नेहीजनांत ते हरिभाऊ या नावाने ओळखले जात.

वाकणकरांचा जन्म 4 मे 1919 रोजी नीमच येथे झाला. नीमच तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. अठराव्या शतकात माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला, त्याबरोबर अनेक मराठी घराणी उज्जैन, इंदूर, देवास, धार या गावांत स्थायिक झाली. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी काही काळ उज्जैन हेच त्यांच्या सत्तेचे केंद्र होते. या घराण्यांत घरची भाषा मराठी राहिली, व्यवहाराची भाषा मात्र हिंदी आणि माळवी झाली. वाकणकर या दोन्ही भाषांच्या संगमावर वाढले. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुढे उज्जैनमध्ये भारती कला भवन ही संस्था उभारली. पुरातत्त्वाकडे ते चित्रकलेच्या वाटेने आले. पुढील सर्व कार्याचे मर्म या एका गोष्टीत आहे.

पुरातत्त्वज्ञ सामान्यतः जमिनीकडे पाहतो. मातीचे थर, खापरे, अवजारे आणि हाडे ही त्याची साधने. चित्रकार पृष्ठभागाकडे पाहतो. रंग कोठे गडद आहे, रेषा कोठे थांबली, एका आकृतीवर दुसरी आकृती केव्हा चढली, हे त्याच्या नजरेत आधी भरते. शैलचित्रांच्या अभ्यासाला हीच नजर हवी असते. भारतात अशा चित्रांचा शोध फार पूर्वी लागला होता. आर्चिबाल्ड कार्लाइल या अधिकाऱ्याला 1867-68 च्या सुमारास मिर्झापूरच्या परिसरात खडकावरची चित्रे आढळली. स्पेनमधील अल्तामिरा गुहेतील सुप्रसिद्ध चित्रे त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, 1879 मध्ये, लक्षात आली. तरीही युरोपात या विषयाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आणि भारतातील चित्रे दीर्घकाळ तुरळक नोंदींपुरतीच उरली. वाकणकरांनी चंबळ आणि नर्मदेच्या खोऱ्यांत पायी भटकंती सुरू केली, तेव्हा मध्य भारतातील बहुतेक शैलाश्रय गुराखी आणि वनवासी यांनाच ठाऊक होते.

1957 हे वर्ष त्यांच्या चरित्रात निर्णायक ठरले. भोपाळ आणि इटारसी यांच्या दरम्यान रेल्वेने जाताना विंध्याच्या टेकडीवर उभे असलेले प्रचंड खडक त्यांना डब्यातून दिसले. वारा आणि पाणी यांनी झिजून त्या वालुकाश्मांना बुरुजांसारखे आकार आले होते. चित्रांकित खडकांची सवय असलेल्या डोळ्यांना अशा खडकांच्या पोटात निवारे असणार, आणि निवाऱ्यांत चित्रे असणार, हे जाणवले. वाकणकर त्या टेकडीवर गेले आणि त्यांचा तर्क खरा ठरला. ते ठिकाण म्हणजे भीमबेटका. भीम जेथे बसत असे ती जागा, असा त्या नावाचा लोकांनी लावलेला अर्थ. 1888 मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या टिपणात या स्थळाचा उल्लेख आला होता, परंतु तो बौद्ध अवशेषांचे ठिकाण म्हणून. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे त्या टेकडीच्या पायथ्यावरून गाड्या धावत राहिल्या. खडक सर्वांना दिसत होते. त्यांतील चित्रांचे मोल कोणी ओळखले नव्हते.

भीमबेटका आणि तिच्या लगतच्या टेकड्यांवर मिळून सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांपैकी कित्येकांत चित्रे आहेत. रंग मुख्यतः तांबडा आणि पांढरा. क्वचित हिरवा आणि पिवळा. तांबडा रंग गेरूचा. उत्खननात घासून झिजलेले गेरूचे खडे सापडले, त्यामुळे रंग कसा तयार होत असे याचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. चित्रांतील प्राणिसृष्टी थक्क करणारी आहे. गवे, हरणे, बारशिंगे, रानडुकरे, हत्ती, गेंडे, वाघ, माकडे, मोर, मासे आणि खेकडेही तेथे आहेत. एका मोठ्या खडकावर प्राण्यांची इतकी दाटी आहे की अभ्यासकांनी त्याला प्राणिसंग्रहालयाचेच नाव दिले. ज्या टेकड्यांवर आज गेंडा नाही, तेथे तो एके काळी होता की चित्रकाराने तो दूर कोठे पाहिला होता, असे प्रश्न या आकृत्यांतून उभे राहतात. निसर्गाच्या इतिहासाची ती एक वही आहे.

माणसांची चित्रे त्याहून अधिक बोलकी आहेत. मध्याश्मयुगातील मानवाकृती बहुधा काडीसारख्या सडपातळ, परंतु गतीने भरलेल्या असतात. कोणी जाळे टाकतो, कोणी मधाचे पोळे काढतो, कोणी हातात हात गुंफून नाचतो. स्त्रिया टोपल्या वाहतात. पोटात पिल्लू असलेल्या प्राण्याचे शरीर जणू पारदर्शक करून दाखवले जाते. वेशभूषेच्या अभ्यासकाला येथे मोठे भांडार आहे: पिसांची वा शिंगांची शिरोभूषणे, मुखवटे, कोपर आणि गुडघ्यांवरचे गोंडे, कमरेची लहानशी वस्त्रे. त्यानंतरच्या काळातील चित्रांत दृश्य पालटते. घोड्यांवर आणि हत्तींवर बसलेले योद्धे येतात, ढाली, तलवारी आणि भाते दिसू लागतात, अंगरख्यासारखी वस्त्रे येतात, धार्मिक चिन्हे येतात. एकाच भिंतीवर शिकाऱ्याच्या समाजापासून राजाच्या सैन्यापर्यंतचा प्रवास उलगडतो.

तो उलगडण्यातच खरी अडचण होती. निवाऱ्याची जागा चांगली असली की पिढ्यान्‌पिढ्या तेथेच चित्रे काढली गेली. आधीचे चित्र पुसण्याची पद्धत नव्हती. नवे चित्र जुन्यावरच काढले जाई. त्यामुळे काही भिंतींवर एकावर एक कित्येक थर चढलेले आहेत. छायाचित्रात हे सर्व थर एकमेकांत मिसळून जातात. त्या काळी रंगीत छायाचित्रण महाग होते आणि काळवंडलेल्या दगडावरचा फिका तांबडा रंग टिपणे त्याला साधत नसे. हाताने नक्कल करणाऱ्याला मात्र प्रत्येक रेषेपाशी निर्णय घ्यावा लागतो. ही रेषा हरणाच्या पायाची की तिच्याखालच्या बैलाच्या शिंगाची? ती वरून गेली की खालून? नक्कल पूर्ण होते तेव्हा कालक्रमाचा एक प्राथमिक आराखडाही तयार झालेला असतो. वाकणकरांनी अशा हजारो आकृत्या उतरवल्या आणि रंग, शैली व थर यांच्या आधारे त्यांची कालखंडांत विभागणी केली. याच विषयावर त्यांनी पुणे विद्यापीठाला प्रबंध सादर केला आणि 1973 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याआधी, 1960 च्या दशकात, त्यांनी फ्रान्समध्ये राहून युरोपातील शैलचित्रांचा अभ्यास केला होता. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह भारतातील अश्मयुगीन चित्रांवर लिहिलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1975 मध्ये, त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला होता.

चित्रांचा काळ ठरवायचा तर जमीनही खणावी लागते. 1970 च्या दशकात भीमबेटकाच्या निवाऱ्यांत उत्खनने झाली. एका बाजूने उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातर्फे वाकणकर, तर दुसऱ्या बाजूने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र आणि त्यांचे सहकारी. पुराश्मयुगातील हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातील नखाएवढ्या दगडी पात्यांपर्यंत वस्तीचा दीर्घ क्रम हाती आला. एका खोल थरात वाकणकरांना हिरव्या मातीचे खडे मिळाले. भिंतींवर हिरव्या रंगातील काही सडपातळ नर्तकाकृती होत्याच. या दोहोंचा संबंध जोडून त्या आकृती उत्तर पुराश्मयुगातील, म्हणजे भीमबेटकातील सर्वांत जुन्या असाव्यात, असे त्यांनी मांडले. हे मत सर्वांना मान्य झाले नाही. रंगाचा खडा थरात सापडणे आणि त्याच रंगाने भिंतीवरचे चित्र काढले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा आक्षेप राहिला आणि बहुतेक चित्रे मध्याश्मयुगातील किंवा त्यानंतरची मानणाऱ्यांची बाजू भक्कम होती. त्या नर्तकांच्या वयाचा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

वाकणकरांच्या कार्याची दुसरी दिशा उज्जैनच्या आसपासच होती. शहराच्या पूर्वेस सुमारे 25 किलोमीटरवर, छोटी कालीसिंध नदीच्या काठी, कायथा नावाचे गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडात त्यांनी 1964 च्या सुमारास उत्खनन केले. पुढे डेक्कन कॉलेजच्या झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी ते काम विस्तारले. माळव्यातील ताम्रपाषाणयुगाचा आरंभ येथे सापडला. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील ही वस्ती पुढे कायथा संस्कृती म्हणून अभ्यासग्रंथांत स्थिरावली. तेथे तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या मिळाल्या, आणि एका भांड्यात तर सुमारे 40,000 सूक्ष्म मण्यांचा साठा मिळाला. भीमबेटकाच्या भिंतीवर ज्या हौसेचे चित्र दिसते, त्या नटण्याची प्रत्यक्ष वस्तू येथे मातीतून वर आली.

कायथ्याला आणखी एक मान आहे. सहाव्या शतकातील थोर ज्योतिर्विद वराहमिहिर याने आपल्या गावाचे नाव कपित्थक असे दिले आहे, आणि ते कपित्थक म्हणजेच कायथा असे अनेक अभ्यासक मानतात. येथून वाकणकरांची वाट आकाशाकडे वळणे स्वाभाविक होते. उज्जैनमध्ये आकाशाच्या अभ्यासाची परंपरा जिवंत होतीच. सवाई जयसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, माळव्याचा सुभेदार असताना, क्षिप्रेच्या काठी वेधशाळा बांधली. काळाच्या ओघात ती मोडकळीस आली. 1923 मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि मराठी ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचा कारभार पाहिला. सम्राट यंत्राचा जिना, नाडीवलय, दिगंश आणि भित्ती ही यंत्रे आजही तेथे पाहता येतात. या यंत्रांना भिंगे नाहीत. त्यांचे सारे कार्य सावलीवर आणि उघड्या डोळ्यांवर चालते. दगडावर पडलेली सूर्याची सावली हेही एक चित्रच आहे. ते क्षणाक्षणाला पालटते आणि म्हणून क्षणाक्षणाला टिपावे लागते.

कर्कवृत्त उज्जैनजवळून जाते, हे सर्वश्रुत होते. परंतु ते नेमके कोठून जाते? वेधशाळेचा अक्षांश सुमारे 23 अंश 10 कला आहे, तर कर्कवृत्त त्याच्या उत्तरेस, सुमारे 23 अंश 26 कलांवर आहे. म्हणजे शहरापासून साधारण 30 किलोमीटर उत्तरेकडे. वाकणकरांनी ही जागा महिदपूरच्या बाजूला असलेल्या डोंगला या खेड्यात निश्चित केली. 21 जूनच्या मध्यान्ही तेथे उभ्या केलेल्या शंकूची सावली त्याच्या पायाशीच लुप्त होते. गोव्यातही अशी शून्य सावली पडते, पण वर्षातून दोनदा: मे महिन्याच्या आरंभी आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात. ऑगस्टमधील दिवस बहुधा ढगांतच हरवतो. कर्कवृत्तावर मात्र हा योग वर्षातून एकदाच येतो आणि त्याच्या उत्तरेस कधीच येत नाही. सूर्य जेथून मागे फिरतो ती सीमा म्हणजे डोंगला. आज तेथे वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा उभी आहे.

या सीमेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल अत्यंत मंद गतीने कमी होत आहे. त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी सरासरी 14-15 मीटर दक्षिणेकडे सरकते. वाकणकरांच्या निधनानंतरच्या काळातच ते सुमारे अर्धा किलोमीटर सरकले आहे. आकाशाची नोंदही एकदा करून संपत नाही; ती पुन्हा पुन्हा करावी लागते. आधीची नोंद प्रामाणिक असेल तरच नंतरच्या फरकाला अर्थ येतो.

वाकणकर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते होते आणि संस्कार भारती या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. 1980 च्या दशकाच्या मध्यास त्यांनी लुप्त सरस्वतीच्या प्रवाहमार्गाचा शोध घेणारी दीर्घ यात्रा केली. वैदिक सरस्वती आणि आजची घग्गर-हाकरा यांच्या संबंधाविषयी विद्वानांत तीव्र मतभेद आहेत, आणि वाकणकरांच्या त्या काळातील निष्कर्षांकडे अभ्यासक आपापल्या भूमिकेतून पाहतात. त्यांच्या विचारांशी असहमत असणारेही भीमबेटकाच्या अभ्यासात त्यांना वगळून पुढे जाऊ शकत नाहीत. कारण उघड आहे. निष्कर्ष हा अभ्यासकाचा असतो, तो पुढच्या पिढीला अमान्य होऊ शकतो. नीट केलेली नक्कल मात्र सर्वांची असते. हिरवे नर्तक किती जुने, यावर वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना त्या आकृती आधी पाहाव्याच लागतात.

पाहण्यातली चूक किती सहज घडते, याचे उदाहरण भीमबेटकानेच अलीकडे दिले. तेथील सभागृहासारख्या भव्य निवाऱ्याच्या छतावर पानासारखी एक आकृती आहे. 2021 मध्ये काही आंतरराष्ट्रीय संशोधकांनी ती सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जिवाचा जीवाश्म असल्याचे जाहीर केले. जगभर त्याची वार्ता झाली. 2023 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जवळून तपासणी केली, तेव्हा ती आग्या माशांच्या पोळ्याची उरलेली खूण निघाली. पहिल्या चमूनेही ती चूक मान्य केली. छत तेच, आकृती तीच. दुसऱ्यांदा नीट पाहिल्यावर अर्थ बदलला. मूळ आकृती जागेवर होती म्हणूनच हे शक्य झाले.

शैलचित्रांच्या बाबतीत असे नेहमी घडेलच याची हमी नाही. खडकावरून झिरपणारे पाणी, शेवाळ, चुलीचा धूर, आणि नाव कोरून ठेवण्याची पर्यटकाची खोड यांपुढे गेरूची रेषा टिकत नाही. रंग अधिक स्पष्ट दिसावा म्हणून चित्रावर पाणी शिंपडण्याची सवयही घातक ठरते. जी रेषा पुसली गेली ती परत आणता येत नाही, आणि तिची नक्कल कोणी घेतली नसेल तर ती होती हेही कळत नाही. 2003 मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि तेथे संरक्षण आले. मध्य भारतातील इतर असंख्य निवाऱ्यांना ते भाग्य लाभलेले नाही.

गोमंतकीय वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळच्या जांभ्या खडकावर बैल, हरणे, नाचणाऱ्या आकृती आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरलेली आहेत. 1993 मध्ये अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले, तोवर ती गाळाखाली होती आणि केवळ आसपासच्या लोकांनाच ठाऊक होती. कोकणातील कातळशिल्पांसह हे स्थळ आता जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. येथे रंग नाहीत, कोरीव रेषा आहेत. पण जांभाही झिजतो, आणि प्रत्येक पावसाळ्यात कुशावतीचे पाणी चढते. या रेषांचीही थरांसह, मापांसह आणि पुन्हा पुन्हा नोंद होत राहायला हवी.

3 एप्रिल 1988 रोजी सिंगापूर येथे वाकणकरांचे निधन झाले. मध्य प्रदेश शासनाने पुरातत्त्वक्षेत्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान सुरू केला. त्यांच्या नावाची संशोधनसंस्था उज्जैनमध्ये आहे. 1973 चा त्यांचा प्रबंध 2005 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ते गेले त्यानंतर भीमबेटकाचे कित्येक रंग आणखी फिके झाले असतील. कागदावर मात्र ते बारशिंगे अजून धावत आहेत आणि नर्तकांनी एकमेकांचे हात सोडलेले नाहीत.